वहीचं शेवटचं पान

सात सामने हरलो. दोन जिंकलो,
त्यातला एक, समोरचा संघ वेळेत पोचला नाही म्हणून.
निपाणीकरांची गाडी यमकनमर्डीच्या पुढे बंद पडली
आणि आम्ही मैदानावर टाळ्या वाजवल्या.
खोटं कशाला सांगू.

दिवाळी उलटली. येळ्ळूर रोडवरच्या माझ्या सायकलदुकानात
वही उघडून बसलोय, पेन्सिल कानावर, हाताला ग्रीस.
पुढच्या हंगामासाठी नऊ ओळी आखल्यात.
ट्यूब बदलायला आलेला कुणी विचारतो,
तुमचं ते विटीदांडूसारखं काय ते, चाललंय का अजून?
चाललंय, म्हणतो. हवा किती भरू?

शॉर्टस्टॉप तुका सांबरेकर फौजेत गेला.
परवा कॅम्पातून जाताना दिसला,
डोकं भादरलेलं, शे-दीडशे जणांत पळत होता.
पायांवरून ओळखला. हाक नाही मारली.
इरफान सनदी वेर्ण्याला, औषधाच्या कारखान्यात.
रविवारी फोन करतो, सेकंड बेसला कोण घेतलास?
तुझी जागा तशीच आहे, म्हणतो मी.
मग दोघंही पावसापाण्याचं बोलतो.
बसलिंग गोकाकला, सासऱ्याच्या दुकानात बसणार.
निघताना म्हणाला, होगि बर्तीनि. जाऊन येतो.
कन्नडात काय, मराठीत काय,
जाणारा येतोच म्हणतो.

आमची एक युक्ती होती.
धारवाडशी खेळताना ओरडायचं मराठीत,
कोल्हापूरशी खेळताना कन्नडात.
ओडु म्हटलं की आमचा धावायचा, निल्लु म्हटलं की थांबायचा,
आणि समोरचे नुसते तोंडाकडे बघायचे.
यंदा कोल्हापूरच्या संघात गडहिंग्लजचा एक पोरगा निघाला.
सगळं कळत होतं त्याला.
शेवटपर्यंत हसला नाही, हेच जास्त लागलं.
अकरा-दोन.

तर आता नवीन माणसं.
मार्केट यार्डात रताळी निवडणारा एक डावरा बघितला,
किडकी तेवढी वेचून लांबच्या पिंपात टाकत होता,
न बघता, कुणाशी तरी भांडत.
तासभर उभा राहिलो. एक बाहेर पडलं नाही.
भरमाणी चौगुले, बेनकनहळ्ळी, वय सतरा.
खेळतोस काय?
पगार किती?
पगार नाही. एक ग्लव्ह, आणि सामन्यादिवशी पुरीभाजी.
त्यानं हात पँटला पुसले.
ग्लव्ह उजव्या हाताचा हाय काय तुमच्याकडं?
तिथंच लिहिलं त्याचं नाव.

बाकीची जुळतील कशीबशी.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीतले दोघे, शिफ्ट बदलून मिळाली तर.
डॉमनिकचा धाकटा, हॉकी सोडली तर.

राहिला पिचर.
पुंडलिक हलगेकर, असं लिहिलं. खोडलं.
परत लिहिलं.
बावीस वर्षं तो टाकायचा, मी झेलायचो,
माझ्या डाव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी,
अजून एक गाठ आहे त्याच्या नावाची.
आता हात खांद्याच्या वर गेला की तो दात चावतो
आणि मला वाटतं, मला दिसलं नाही असं त्याला वाटावं.
खोडून खोडून कागद तिथं इतका पातळ झालाय
की मागच्या पानावरचा मागच्या वर्षीचा स्कोअर दिसतो.

रविवारी सहाला मैदानावर गेलो.
धुकं होतं. पुंडलिक माझ्या आधीच आलेला,
हातात फक्कीचं घमेलं, केस पांढरे, भुवयासुद्धा.
म्हणाला, वही दाखवू नको बघ.
आणि होमपासून पहिल्या बेसकडे रेघ ओढत निघाला,
वाकून, डाव्या हातानं,
दोरी न धरता.

भरमाणी माझ्या शेजारी उभा होता, नवा ग्लव्ह काखेत.
रेघ वाकडी जाऊलीया की, म्हणाला.
दिसत होतं मलाही. आत वळत होती थोडी,
बेस जवळ आला तशी आणखी.

राहू दे, म्हटलं.
यंदा फाउल तिथनंच धरू.